रंगराव पाटलानं उचललेला भंडार

रंगराव पाटील गेला त्या दिवशी करंजवाडीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही. माझ्या घरी पेटली. मी पिठलं-भाकरी खाल्ली, वर ताक प्यालो. बायको म्हणाली, "अवं, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांना सांग ज्योतीराम गुरव जेवला, आणि पोटभर जेवला. हा माणूस जिवंत असताना मला त्याची शिसारी यायची. तो मेल्यावर ती जाईल असं वाटलं होतं, पण ती आहे तिथंच आहे. का, ते सांगतो.

तळवड्याकडून चाकणला जी गाडीवाट जाते, तिच्यावर इंद्रायणी ओलांडली की आमची वाडी लागते. वाडीच्या माथ्यावर खंडोबाचं देऊळ आहे आणि त्याची पूजाअर्चा, झाडलोट, दिवाबत्ती आमच्या घराकडं आहे. माझा आजा गेला, बाप गेला, आता मी करतो. या देवळाची एक रीत आहे. दोन माणसांत वाद झाला, किंवा कुणी कुणाला शब्द द्यायचा असला, की शब्द देणाऱ्यानं अंघोळ करून ओल्या धोतरानं देवापुढं यायचं. गुरवानं ताट धरायचं. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडार. तो उचलून माणूस जे बोलला ते झालं. मग साक्षीदार नाही, कागद नाही, पुन्हा विचारणं नाही. पुन्हा विचारलं तर देवाला खोटा म्हटल्यासारखं होतं. पुढचं तो माणूस आणि देव बघून घेतील. आणि भंडार मागितला तर गुरवाला नाही म्हणता येत नाही, मग मागणारा कसाही असो.

आता मला सांगा, अशा गावात रंगरावासारखा माणूस जन्माला आल्यावर दुसरं काय होणार होतं?

दिसायला राजबिंडा. पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या घरात. तरुणपणी घोड्यावरून पडल्यानं एक पाय किंचित ओढायचा, पण तो ओढणंसुद्धा असं ऐटीत की पोरं त्याची नक्कल करायची. आवाज कधी चढवला नाही. कुणाला शिवी दिली नाही. उंबऱ्यावर आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय गेला नाही. लोक म्हणायचे, काय माणूस आहे. मीही तेच म्हणायचो, फक्त नाक मुरडून.

इंग्रजाच्या काळात साहेबाचा मुक्काम पडला की पाटलाकडून आंब्यांची डाली पोचलीच म्हणून समजा. लढाई लागली आणि साहेबानं गावागावांतून पोरं मागितली. आमच्या वाडीत गवराबाई म्हणून एक विधवा होती, तिला एकच पोर, बिरू. ती काही सोडेना. तेव्हा रंगराव ओल्या धोतरानं देवळात आला. भंडार उचलून म्हणाला, "बिरू खडकीच्या डेपोपुढं जानार न्हाई. गेला तर माझे डोळे फुटोत." गवराबाईनं पोराला ओवाळून धाडलं. बिरू खडकीहून ब्रह्मदेशात गेला आणि तिकडंच राहिला. पाटलाला सरकारनं बंदुकीचा परवाना दिला. गवराबाईला पाटलानं लुगडं दिलं आणि ते तिनं घेतलं. त्यानंतर ती रोज देवळाच्या पायरीवर येऊन बसायची आणि पाटील दर्शनाला आला की त्याच्या डोळ्यांकडं टक लावून बघायची, कधी फुटतात म्हणून. त्याचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते, चष्मासुद्धा लागला नाही.

बेचाळीस साली तीन भूमिगत पोरं त्याच्या माळ्यावर लपली. त्यांनाही यानं भंडार उचलून अभय दिलं. पुढं फौजदार सरळ त्याच माळ्यावर चढला, दोघं पकडली गेली, एक वाचला. वाचला तो पुण्यातल्या मोठ्या घरचा होता. स्वातंत्र्य आल्यावर तोच पांढरी टोपी घालून गावात आला, रंगरावाच्या गळ्यात हार घातला आणि चावडीवर झेंडा लावायचा मान त्याला दिला. त्या सकाळी पाटलाच्या सोप्यातला इंग्रज बादशहाचा फोटो उतरला. फेकून दिला असेल असं तुम्हाला वाटेल. छे. गोणपाटात नीट गुंडाळून माळ्यावर ठेवला. कोण जाणे, परत आले तर.

मला राहवलं नाही. झेंड्याचा पेढा हातात होता, तसाच त्याला गाठलं आणि म्हटलं, "पाटील, त्या दोन पोरांसाठी माझ्याच ताटातला भंडार उचलला होता तुम्ही."

तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "ज्योतीराम, शपथंला मुदत असती. ज्या सरकारात घेतली ते सरकार गेलं की शपथ बी गेली. तू उगा जिवाला लावून घेतोस."

पेढा मी कुत्र्याला घातला.

गाव काय करत होतं? गाव देवाची वाट बघत होतं. पाटलाचा बैल मेला, गाव म्हणालं बघा. पाटलाला खोकला झाला, गाव म्हणालं बघा. खोकला बरा झाला तर म्हणालं, देव सावकाश घेतो. मला कधीकधी पाटलापेक्षा गावाचीच जास्त किळस यायची. एवढी माणसं, कुणाच्या तोंडाला जीभ म्हणून नाही, सगळं त्या दगडाच्या देवावर ढकलून मोकळी. आणि त्या देवाचा मी गुरव.

आमच्या शाळेवर मारुतराव गुरुजी म्हणून होते, वाचनाचे भारी नादी. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो, पाटीलही होता. गुरुजी म्हणाले, "पाटील, फ्रान्स देशात तुमच्यासारखाच एक उमराव होऊन गेला. मोठ्या घराण्यातला, पायानं अधू. आधी धर्मगुरू होता. लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं तेव्हा तो लोकांकडं गेला. मग एक सेनापती बादशहा झाला, तर हा त्याचा मंत्री. बादशहा पडला आणि जुनं राजघराणं परत आलं, तर हा त्यांच्या स्वागताला पुढं. प्रत्येकापुढं त्यानं इमानाची शपथ घेतली होती."

गुरुजींना वाटलं पाटील खजील होईल. पाटील पुढं सरकून बसला. विचारलं, "मेला कसा?"

"अंथरुणात. ऐंशी ओलांडून. मानानं."

"आन्‌ देवाचं कसं काय केलं त्यानं? एवढ्या शपथा मोडल्या, तर."

"मरायच्या दिवशी धर्मपीठाच्या कागदावर सही केली. झालं-गेलं चुकलं म्हणून. धर्मानं पदरात घेतलं."

"अगदी मरायच्या दिवशी?"

"अगदी त्याच दिवशी."

पाटील उठून उभा राहिला. मग म्हणाला, "शहाना मानूस." आणि काठी टेकत घरी गेला. गुरुजी माझ्याकडं बघून हसले. मला काही हसू आलं नाही.

आता गेनबाकडं येतो, कारण हे सगळं गेनबासाठी सांगतोय.

पाटलाचं विहिरीचं रान गेनबा कसायचा. आधी त्याचा बाप कसायचा. रानातली विहीर गेनबाच्या बापानं आणि आईनं मिळून खोदली होती, दगड डोक्यावर वाहून. वाडीतली हीच एक विहीर वैशाखात आटत नाही. गेनबा म्हणजे पायाखाली मुंगी येऊ न देणारा माणूस. उभ्या जन्मात खोटं बोलला नाही, आणि दुसरा खोटं बोलत असेल हे त्याच्या डोक्यात शिरायचं नाही. बायको सरुबाई मात्र तिखट. घर तिच्यामुळं चालायचं.

कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन होणार म्हणून गावोगाव बोलबाला झाला. जमीनदारांची झोप उडाली. त्याच सुमाराला संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं आणि टोपीवाल्यांना गावात कुणी विचारेना. रंगरावानं वारं ओळखलं. टोपी खुंटीला गेली, समितीच्या सभेत पाटील पहिल्या रांगेत. पण समितीत सगळी कुळं, कष्टकरी. ती म्हणाली, पाटील, आधी तुमच्या कुळाचं काय ते बोला. पाटील म्हणाला, बोलतो की.

आला ओल्या धोतरानं. सगळं गाव देवळात. मी ताट धरलं. भंडार उचलून तो म्हणाला, "विहिरीचं रान गेनबाचं. म्या त्याच्यावर हक्क सांगनार न्हाई. सांगितला तर माझी जीभ झडो." गेनबाच्या डोळ्यांतून पाणी. सरुबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं फक्त पदर सावरला.

निवडणुकीत समिती आली, पाटलाचा मान आणखी वाढला. मग कायद्याप्रमाणं खेडच्या कचेरीत गेनबाची तारीख लागली. कुळानं स्वतः येऊन सांगायचं, की ही जमीन मी विकत घ्यायला तयार आहे. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी वाटभर त्याला ते शिकवत नेलं. गेनबा मान हलवत होता.

साहेबानं विचारलं, "जमीन घ्यायला तयार आहेस?"

गेनबा हात जोडून म्हणाला, "सायेब, पाटलांनी देवाफुडं भंडार उचललाय. रान माजंच हाय. आता म्या फिरून मागितलं तर देवाव माजा इस्वास न्हाई असं व्हतंय."

साहेब बिचारा सरळ माणूस होता. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा समजावलं, कायद्यात देवाला जागा नाही असंही सांगितलं. हो म्हण किंवा नाही म्हण. गेनबा खाली बघत उभा. मी पुढं झालो, म्हटलं, साहेब, याच्या बापापासून हाच कसतोय, सगळा गाव सांगेल. साहेब म्हणाला, "तुम्ही कूळ आहात का? मग बसा." तेवढ्यात बाकावरून रंगराव उठला, हात जोडले, आणि मध ठिबकावा तशा आवाजात म्हणाला, "सायेब, भोळा जीव हाय. त्याला घ्यायची न्हाई. त्याला तरास देऊ नका."

साहेबानं गेनबाकडं बघितलं. गेनबा गप्पच. मग साहेबानं लिहिलं, कूळ जमीन घ्यायला तयार नाही.

कचेरीबाहेर मी पाटलाचा रस्ता अडवला. म्हटलं, जीभ झडेल म्हणाला होतात. तो शांतपणे म्हणाला, "म्या हक्क कुठं सांगितला, ज्योतीराम? म्या गेनबाचा सोभाव सांगितला." आणि टांग्यात बसला. मी तिथंच रस्त्यावर थुंकलो.

गेनबाला घरी आल्यावरही कळलं नव्हतं काय झालं ते. सरुबाईला कळलं. ती गुरुजींना घेऊन पुण्याला गेली, वरच्या साहेबाकडं अपील केलं. गेनबा म्हणाला, कशाला देवाची परीक्षा बघतीस. ती म्हणाली, "देवाचं देवापाशी. हीर माझ्या सासूसासऱ्यानं खांदलीया. ह्या येळंला कचेरीत तोंड उघडलं न्हाईसा, तर म्या माह्यारी जाईन." गेनबा घाबरला आणि कबूल झाला. अपिलाची तारीख लागली. आता सगळं त्या तारखेवर होतं. गेनबानं जाऊन हो म्हटलं असतं तर रान परत मिळालं असतं, गुरुजींनी वकिलाला विचारून खात्री केली होती.

आणि तारखेच्या आधीच पाटलाला झटका आला. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली.

गावात दिवाळी. बघा, म्हणाले, जीभ झडली. देवानं घेतलं. आणि घेतलं म्हटल्यावर त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. देवानं शिक्षा दिली, आता माणसानं माफ करायचं, असं बायाबापड्यांपासून सगळे बोलायला लागले. पाटलाला बघायला रीघ लागली. कुणी मोसंबी नेली, कुणी अंगारा. गवराबाई गेली आणि त्याचे पाय चेपून आली. मी गेलो नाही.

मग एके दिवशी भर दुपारी पाटलानं स्वतःला बाजेवर घालून देवळात आणवलं. अंगावर ओलं धोतर. चौघांनी बाज देवापुढं ठेवली. मुलगा बन्सी उशाशी, सगळं गाव भोवती. पाटलानं चांगल्या हातानं ताटाकडं बोट दाखवलं.

मी ताट धरलं. मी गुरव आहे, मला नाही म्हणता येत नाही.

त्यानं भंडार उचलला. एकेक शब्द ओढत म्हणाला, "चुकलो. रान... गेनबाचं. देवा... पदरात घे." बाया हुंदके द्यायला लागल्या. गवराबाईनं पुढं होऊन स्वतःच्या बोटानं त्याच्या कपाळाला भंडार लावला, ज्याच्यापायी तिचा बिरू गेला त्याच्या कपाळाला. गेनबानं बाजेवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. भिंतीशी मारुतराव गुरुजी उभे होते, त्यांचा चेहरा उतरला होता. कट्ट्यावरची ती संध्याकाळ त्यांनाही आठवली असणार.

जिभेवर भंडार ठेवायला मी वाकलो, तर पाटलानं माझं उपरणं धरून जवळ ओढलं. कानाशी म्हणाला, "मुदत... माझ्यापुरती." त्याच्या डोळ्यांत हसू होतं, तेच, खांद्यावर हात ठेवतानाचं. मी ताट खाली आपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा काय म्हणतोय ते ऐका. लोकांनी मला गप्प केलं. मरणाऱ्याच्या तोंडी वाकडं घालतोस, गुरवा, म्हणाले.

तारखेच्या दिवशी मी पहाटेपासून गेनबाच्या दारात होतो. तो नांगराला वंगण लावत बसला होता.

"उठ, गाडी चुकंल," मी म्हटलं.

"दादा, पाटील मराय टेकलाय. देवाफुडं दुसऱ्यांदा बोललाय. आता म्या कचेरीत जाऊन त्याच्या नावानं बोलू? मानूस म्हनवून घ्यायची लाज वाटंल मला."

"अरे, तो मेल्यावर त्याची शपथ कोण पाळणार?"

"देव हाय की."

मी त्याचा दंड धरून ओढला. तो हलला नाही. सरुबाई आतून ऐकत होती. ती नवऱ्याला तिथंच सोडून गुरुजींबरोबर पुण्याला गेली. साहेबानं विचारलं, कूळ कुठं आहे? तिनं सांगितलं, घरी आहे, नांगराला वंगण लावतंय. अपील निकालात निघालं.

पाटील त्याच आठवड्यात मेला, अंथरुणात, मानानं. पुन्हा टोपी घालायला लागलेले आणि अजून न घातलेले, दोन्हीकडचे पुढारी आले. भाषणं झाली. सरणाला चंदन होतं.

त्यानंतर बन्सी सरपंच झाला. रानाचा विषय निघाला तेव्हा तो सरळ म्हणाला, "शपथ आबांची व्हती. आबा गेले." पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिल्यापासून मुंबईकडचे लोक या बाजूला जमिनी बघत फिरतच होते. त्यांतल्या एकाला बन्सीनं विहिरीचं रान दिलं. परवानग्या कुठून आणल्या ते त्यालाच ठाऊक. भोवती काटेरी तार आली, लोखंडी फाटक आलं. कारखाना उभा राहायचा तेव्हा राहील, तोवर राखण करायला इमानी माणूस पाहिजे, असं त्यांचा मॅनेजर म्हणाला. बन्सी म्हणाला, गेनबाला ठेवा, आणि त्याला फक्त भंडार उचलायला लावा, मग कुलूपसुद्धा लागणार नाही.

बापाच्या विहिरीजवळ तरी राहता येईल म्हणून गेनबा तयार झाला, आणि अंघोळ करून ओल्या धोतरानं आला. मॅनेजर बूट काढून दारात उभा होता, त्याला गंमत वाटत होती. मी ताट धरलं आणि हळूच म्हटलं, "गेनबा, नको. तुला हात जोडतो." त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भंडार उचलला आणि म्हणाला, "तारंच्या आत बाहेरच्या मानसाचं पाऊल पडू देनार न्हाई."

त्या उन्हाळ्यात नदी खडखडीत झाली. वाळूत खड्डे करून बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. सरुबाई हंडा घेऊन फाटकाशी गेली. मी देवळातून बघत होतो, तिथून रान स्वच्छ दिसतं. ती काहीतरी बोलली. गेनबा फाटकाला पाठ लावून उभा राहिला. ती पुन्हा बोलली. तो मान हलवत राहिला, आणि हलवताना डोळे पुसत होता, पण बाजूला झाला नाही.

ती रिकामा हंडा घेऊन देवळात आली. घामानं निथळत होती. म्हणाली, "म्या बाहेरची म्हनं. सोडवा त्यान्‌ला, भाऊजी. उचललेला भंडार खाली ठेवायची काय रीत असंल ती सांगा, म्या करते."

मी गाभाऱ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. आज्यानं, बापानं सांगितलेलं सगळं आठवून बघितलं. अशी रीतच नाही. ज्यांनी शब्द मोडले त्यांना ती कधी लागली नाही, आणि पाळणाऱ्यानं आजवर कुणी मागितली नव्हती.

"न्हाई, सरुबाई," मी म्हटलं.

तिनं हंडा उचलला आणि नदीकडं गेली.